एका चाकावर आलेली सायकल

महिपती उतेकर पोलादपूरच्या पोस्टात टपाल वाटायचे. मी १९६८ साली तिथे कारकून म्हणून गेलो तेव्हा त्यांना अठरा वर्षं झाली होती. आम्ही सगळे त्यांना महिपतीदादा म्हणायचो. पण ही हकिकत त्यांच्या तरुणपणाची आहे, आणि ती सांगताना ते परक्या माणसाबद्दल बोलावं तसं स्वतःबद्दल बोलायचे, म्हणून इथे मीही नुसतं महिपती म्हणतो.

त्याचं गाव जांभळीचा कोंड. कापड्याच्या पुढे, नदीच्या अंगाला वीस-बावीस घरं. शेजारच्याच घरात चुलतभाऊ येसाजी. दोघे एका वर्षाचे, एकाच पाटीवर मुळाक्षरं गिरवलेले. येसाजीने चौथीनंतर शाळा सोडली. महिपती महाडला नात्यातल्या घरी राहिला आणि सातवी पास झाला. कोंडातला पहिलाच.

१९४८च्या हिवाळ्यात महाडला पलटणीची भरती आली. दोघे आदल्या दिवशीच चालत निघाले. आपण शिकलेले, आपल्याला घेणारच, अशी महिपतीची खात्री होती. येसाला परत पाठवलं तर त्याची समजूत कशी घालायची, हेसुद्धा त्याने वाटेत ठरवून ठेवलं होतं. मैदानात उघड्या अंगाने रांगेत उभं केलं. डॉक्टरने महिपतीला टाचा जुळवायला लावल्या, गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुडघे घासतात. जा." शाळेचा दाखला बघायला कुणी मागितलाच नाही. तिकडे येसाजीच्या छातीवर खडूची खूण झाली होती.

"महाडहून एकटाच परत आलो," महिपती सांगायचा. "नऊ कोस. त्याच गुडघ्यांनी."

दोन वर्षांनी तो पोस्टात लागला. पोलादपूरहून खेड्यांची फेरी, सगळी पायी. आठवड्यातून दोनदा आपल्याच कोंडात टपाल घेऊन जायचं. येसाजीची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, घरात आई ठकूबाई एकटी. तिला अक्षर येत नव्हतं. येसाजीचं पत्र आलं की ते वाचून दाखवायचं आणि ती सांगेल ते उत्तर लिहायचं, हे काम ओघानेच महिपतीकडे आलं.

येसाजीच्या पत्रात काय असायचं? रोज दूध मिळतं. बूट नवे मिळाले. काश्मीरला सफरचंदाच्या बागा आहेत. लान्सनाईक झालो. नाईक झालो. महिपती हे सगळं एका सुरात वाचून टाकायचा. बढतीची ओळ तर इतकी सपाट वाचली की ठकूबाईने विचारलं, "ह्यात चांगलं हाय का वाईट, पोरा?"

"चांगलं हाय, काकी," म्हणून तो पुढची ओळ वाचू लागला.

महिपतीची स्वतःची हौस एकच होती, सायकल. महाडला मुरारीचं सायकलींचं दुकान होतं. टपालाच्या थैलीबरोबर कधी महाडला जावं लागलं की तो त्या दुकानासमोर उभा राहायचा. त्यात नुसती हौस नव्हती. पोस्टमास्तर श्रीधरपंत एकदा बोलून गेले होते की, महाड रस्त्यावरच्या गावांची फेरी स्वतःची सायकल असणाऱ्यालाच मिळेल, वर सायकलचा भत्ता. डांबरी रस्ता, चढ नाही, ओढे नाहीत. महिपती सहा वर्षं पैसे बाजूला टाकत होता. एका वर्षी कौलं गेली, एका वर्षी बहिणीचं लग्न निघालं. मुरारी त्याला बघून हसायचा, "ये, टपालवाल्या. आज नेतोस का नुसती बघतोस?"

१९५८ साली येसाजीची पलटण बोटीने गाझाला गेली. इजिप्तच्या पलीकडे, दोन देशांच्या मधल्या रेषेवर पहारा करायला. पोलादपुरात ही बातमी पहिल्यांदा महिपतीलाच कळली, कारण पाकिटावरचा शिक्का त्यानेच पाहिला. तीन महिन्यांनी आणखी एक पत्र आलं. ते त्याने नेहमीसारखं ठकूबाईच्या ओटीवर बसून वाचलं.

'महिपतीस रामराम. इथे नुसती वाळू आहे. आमच्या चौकीशेजारी डेन्मार्क देशाचे शिपाई आहेत. ताडमाड उंच. सुटीच्या दिवशी सायकलवर फिरतात. त्यातला एक आता घरी चालला आहे. त्याची सायकल मला माझ्या दीड महिन्याच्या भत्त्यात देतो म्हणतो. तिला मागे हाताचा ब्रेक नाही. पेडल उलटं मारलं की थांबते. पण घरापर्यंत आणायला किती पडेल ते कळत नाही. बोटीचं भाडं, मुंबईची जकात, पुढे एसटी. घेण्यापेक्षा आणणंच महाग व्हायचं. तू शिकलेला, पोस्टातला माणूस. चौकशी करून कळव. तू सांगशील तसं करीन.'

ठकूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "लिव, आण म्हणावं. आन् मागं बसवून मला महाडच्या बाजाराला ने म्हणावं. सरपंचाची बायको बी कवा सायकलवर बसली नाय."

महिपती हसला नाही. त्याने पत्र घडी करून खिशात घातलं आणि उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने श्रीधरपंतांना विचारलं. पंत मुंबईच्या मोठ्या पोस्टात काम केलेले, त्यांना या गोष्टी ठाऊक होत्या. ते म्हणाले, "पलटणीच्या बोटीवर वेगळं भाडं कसलं? वजनात बसलं म्हणजे झालं. नवी वस्तू असेल तर कस्टमवाले पैसे मागतील. वापरलेली आहे, स्वतःची आहे, असं उघड सांगितलं तर बहुतेक सोडून देतात. त्याला लिहा, घेतल्याची चिठ्ठी जपून ठेव आणि चार-सहा महिने तिथेच चालव. आणि मुंबईहून एसटीने नको. बाणकोटपर्यंत आगबोट, तिथून लाँचने दासगाव. अगदी स्वस्तात घरी येईल. अहो, परदेशी सायकल! तुमचा भाऊ नशीबवान आहे, महिपती."

हे शेवटचं वाक्य पंत बोलले नसते तर कदाचित पुढचं घडलं नसतं, असं मी एकदा म्हणालो. महिपतीने मान हलवली. "घडलं असतं. मी विचारायला गेलो तेव्हाच मला वाटत होतं की पंतांनी महाग पडेल म्हणावं."

त्याने पोस्टातल्याच टेबलावर बसून विमानाचं पत्र लिहिलं. 'मुंबईस जकात सायकलीच्या किमतीच्या दुप्पट घेतात. न भरल्यास माल जप्त होतो. एसटीवालेही फार घेतात. तरी तू विचार करावास. काकीची प्रकृती बरी आहे.' ठकूबाईचं बाजाराचं वाक्य त्याने गाळलं. शिक्काही त्यानेच मारला. खोटं लिहितोय असं त्या वेळी त्याला वाटलंच नाही. येसाला खर्चातून वाचवतोय, असं तो स्वतःला सांगत होता, आणि त्या आठवड्यात त्याला भूक चांगली लागली.

दीड महिन्याने उत्तर आलं. हे पत्र एकट्या महिपतीच्या नावाने होतं.

'जकातीचं कळवलंस ते बरं झालं. पण सायकल मनात भरली होती म्हणून घेतलीच. दुप्पट भरायची ताकद नाही, तेव्हा युक्ती केली आहे. सगळी सायकल सुटी करून पलटणीतल्या आम्ही तिघांनी वाटून घ्यायची. सांगाडा माझ्या वळकटीत, पुढचं चाक आणि साखळी हैबतीकडे, मागचं चाक चांगूकडे. मुंबईला उतरल्यावर जोडायची. कुणाला बोलू नकोस. फाल्गुनात बोट सुटेल. तू सावध केलंस, तुझे उपकार.'

महिपतीने तारखा मोजल्या. बोट सुटायला वेळ होता, पत्र तीन आठवड्यांत पोचलं असतं. 'लपवू नकोस, उघड दाखव' एवढंच लिहायचं होतं. पण ते लिहायचं तर आधीचं खोटं होतं हेही लिहावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते लिहायचंच नव्हतं. कापड्याचा चढ चढताना त्याच्या डोळ्यांपुढे रोज एकच चित्र यायचं. बंदरावर टोपीवाला साहेब येसाच्या वळकटीत हात घालतो आणि सांगाडा ओढून बाहेर काढतो. रोज त्यात काहीतरी भर पडायची. कधी साहेब ओरडायचा, कधी भोवतीचे लोक हसायचे. चढ कधी संपला ते कळायचं नाही.

चैत्रात येसाजीची तार आली. ठकूबाईने महिपतीलाच दासगावला आणायला धाडलं.

भरतीच्या पाण्यावर लाँच वर आली. येसाजी उतरला. काळा पडलेला, अंगाने भरलेला, मनगटावर घड्याळ. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला सायकलचा सांगाडा, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात चाक. एकच चाक. महिपतीने ते आधी पाहिलं, येसाजीचं तोंड नंतर.

"दुसरं कुठाय?"

येसाजीने पेटी खाली ठेवली आणि महिपतीला मिठी मारली. मग हसत, पण जरा कष्टी होऊन सांगायला लागला. "काय सांगू तुला! बंदरावर त्या कस्टमच्या बाबूनं वळकटी उघडाय लावली. मी म्हटलं, मेलो. त्यानं सांगाडा बघितलान, विकत घेतल्याची चिठ्ठी बघितलान, आन् म्हणतो कसा, 'जुनी सायकल आहे, तुमची आहे, मग लपवली कशाला? घेऊन जा.' एक पै नाय घेतली. तवर चांगूची तुकडी आगगाडीकडं नेलेली. मागलं चाक त्याच्याबरोबर बेळगावला ग्येलं."

"बरं झालं, पैसं वाचलं," महिपती म्हणाला.

"व्हय. पण तुला दुप्पट म्हणून कुणी सांगितलान रे?"

"मास्तरांनी," महिपती म्हणाला. तोंडातून निघून गेलं. श्रीधरपंतांसारख्या माणसावर खोटं घालताना जीभ अडखळलीसुद्धा नाही, हे त्याला नंतर जाणवलं.

महाडला बैलगाडीतून उतरल्यावर येसाजीने मुरारीला सायकल दाखवली. मुरारीने गोणपाट काढलं. गडद हिरवा रंग, वर बारीक सोनेरी रेघ, चामड्याचं रुंद सीट, एक बुटकी गोल घंटी. मुरारी हात फिरवत राहिला. महिपतीला सहा वर्षं हसणारा मुरारी येसाजीला 'तुम्ही' म्हणत होता.

"माझ्याकडचं चाक हिला चालायचं नाय," तो शेवटी म्हणाला. "ब्रेक मागल्या चाकाच्या पोटात हाय म्हणता ना? मग तेच चाक पायजे. तेवढं आणा, मी फुकट जोडून देतो. पोरं बघाय येतील माझ्या दुकानावर."

एक चाक नसलेली सायकल बघून आपल्याला गार वाटेल, असा महिपतीचा अंदाज होता. कोंडात उलटंच झालं. येसाजीने ती ओटीवर भिंतीला टेकवून ठेवली आणि चार वाड्यांतली माणसं बघायला आली. एका चाकाची असली तरी ती समुद्रापलीकडून आलेली होती. म्हातारे सीटवर बोट दाबून बघत. बायका घंटी वाजवत. महिपतीची बायको बनुबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "काय गोड वाजते वो घंटी! तुम्ही ऐकलीत का?"

"भांडीवाल्याची बी तशीच वाजते," तो म्हणाला आणि जेवण अर्धं टाकून उठला.

पहिल्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. ठकूबाई लेकाला म्हणाली, "मी कळवलं व्हतं तुला, मला मागं बसवून बाजाराला ने म्हणून."

येसाजीने महिपतीकडे पाहिलं. "असलं काय नव्हतं पत्रात."

"राहून गेलं असंल," महिपती म्हणाला. "जागा कमी व्हती."

येसाजी सायकलची घंटी पुसायला लागला. पण ठकूबाईने महिपतीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

येसाजीला दोन महिन्यांची रजा होती. त्याने चांगूला दोन पत्रं टाकली. रजेतले पंचवीस दिवस गेले असतील, तेव्हा पोलादपूरच्या थैलीत बेळगावहून एक रजिस्टर पत्र आलं. वर येसाजीचं नाव, मागे चांगूचं. महिपतीने पाकीट बोटांनी चाचपलं. आत आणखी एक कडक कागद होता. एसटीच्या पार्सलची पावती. चाक महाडच्या स्टँडवर येऊन पडलं होतं.

रजिस्टर पत्र मालकाच्या हातात द्यायचं आणि सही घ्यायची, असा नियम. महिपती त्या दिवशी कोंडात गेला, येसाजीच्या घरावरून गेला, ओटीवरच्या येसाजीने हाक मारली, "काय हाय का रे माझं?" आणि महिपती म्हणाला, "नाय." परत येऊन पोस्टातल्या वहीत शेरा लिहिला, 'मालक परगावी.'

पाच दिवस त्याने तो शेरा लिहिला. फेरी नसलेल्या दिवशीही. पावती वेळेत पोचली नाही तर पार्सल परत जाणार, येसाजी रजा संपवून निघून जाणार आणि सायकल भिंतीला टेकून गंजणार. आपण काहीच केलं नाही, फक्त पत्र थोडं उशिरा दिलं. मनाशी हा हिशेब जुळवत तो चालायचा आणि थैलीतल्या त्या एका पाकिटाचं वजन त्याला बाकी सगळ्या टपालापेक्षा जास्त लागायचं.

पाचव्या दिवशी दुपारी तो नदीच्या उतारावर आला तेव्हा येसाजी पाण्याकाठच्या कातळावर बसलेला दिसला. समोर सांगाडा उलटा करून ठेवलेला. मांडीवर एक जुनं चाक. महाडला चालत जाऊन त्याने मुरारीकडून मागून आणलं होतं. मुरारीने नको म्हटलं असतानाही. ते बसत नव्हतं. येसाजीच्या हाताला ग्रीस लागलं होतं आणि एका बोटातून रक्त येत होतं. परदेशातून आलेला, मनगटावर घड्याळ असलेला नाईक येसाजी उतेकर हात गुडघ्यांवर टाकून, खाली मान घालून बसला होता. बाजारात काहीतरी हरवून आलेल्या माणसासारखा.

"ते बघून मला आनंद झाला," महिपती मला म्हणाला. "खोटं कशाला सांगू? अंगावर शहारा यावा असा आनंद. आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली. मनात आलं, हा उद्या मेला तर मी काय करीन?"

तो खाली उतरला. थैलीतून पाकीट काढून त्याने येसाजीपुढे धरलं.

"रजिस्टर हाय तुझं."

येसाजीने चांगूचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. मग शिक्क्यावरची तारीख दिसली. "हे कवा आलं?"

"पाच दिवस झालं."

"मी हितंच व्हतो की पाच दिवस."

"ठाव हाय."

 महिपतीने सहीचा कागद पुढे केला. "सही कर. तारीख आजची टाक." सही झाल्यावर तो उभ्याउभ्याच बोलला. "जकातीचं बी मीच लिवलं. मास्तरांनी उलटं सांगितलं व्हतं. उघड दाखवली तर सोडतात म्हणून. काकीचं बोलणं बी मीच गाळलं."

"का?"

"तू आणशील म्हणून."

येसाजीला ते कळायला वेळ लागला. "तुला पायजे व्हती तर लिवायचं व्हतंस, महिपा. त्या लोकांच्या आणखी चार-पाच पडल्या व्हत्या विकायला. दोन आणल्या असत्या."

"दोन आणल्या असत्यास तरी तूच आणल्या असत्यास."

नदीला पाणी कमी होतं. पलीकडे कुणीतरी गुरं पाण्यावर आणली होती, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. येसाजीने पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं, मुरारीचं चाक सांगाड्यात अडकवलं आणि ते सगळं खांद्यावर घेतलं.

"आईला मी सांगतो," तो म्हणाला. "तू आता आमच्या घरला येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईच आली. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. "माझं बोलणं व्हतं ते, महिपती. मला अक्षर येत नाय म्हणून तुझ्या तोंडानं बोलत व्हते. किती वर्सं असं खाल्लंस माझं बोलणं?"

"एकदाच, काकी."

"मला काय ठाव?" ती म्हणाली आणि गेली.

बनुबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती.  संध्याकाळी ती ठकूबाईकडे भात सडायला गेली, नेहमीसारखी, आणि पुढेही जात राहिली.

महिपतीने श्रीधरपंतांनाही सांगितलं. वहीतले खोटे शेरे आणि त्यांच्यावर घातलेलं खोटंही. पंतांनी वही मिटली. "वर कळवलं तर नोकरी जाईल तुमची," ते म्हणाले. "मी कळवत नाही. पण महाड रस्त्याची फेरी आता विसरा." ती फेरी पुढच्या वर्षी लोहाऱ्याच्या कुशाबाला मिळाली.

येसाजीने महाडहून चाक सोडवलं, मुरारीने सायकल जोडून दिली. पुढच्या बाजाराच्या दिवशी महिपती पोस्टाच्या दारात टपाल लावत होता, तेव्हा रस्त्यावर गलका झाला. येसाजी सायकलवर, मागे ठकूबाई एका अंगाने बसलेली, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी लेकाचा सदरा मुठीत धरलेला. उतारावर येसाजीने पेडल उलटं दाबलं आणि सायकल हळू झाली. लोक टाळ्या वाजवत होते. श्रीधरपंतसुद्धा चष्मा सावरत बाहेर आले. महिपती आत वळला आणि पत्रांवर शिक्के मारू लागला. कबूल करून टाकलं म्हणजे जळणं थांबेल, असं त्याला वाटलं होतं. ते थांबलं नव्हतं.

रजा संपल्यावर येसाजीने सायकल घरी ठेवली नाही. मुरारीच्या दुकानात भाड्याने लावायला दिली आणि भाडं मुरारीने आईला मनीऑर्डरने पाठवायचं ठरवलं. ती मनीऑर्डर दर महिन्याला महिपतीच नेऊन द्यायचा. ठकूबाई अंगठा उठवायची, पैसे घ्यायची. येसाजीचं पत्र असलं तर ते घडीसह कनवटीला लावायची आणि कापड्याच्या शाळेतल्या गुरुजींची बायको कालिंदीबाई, तिच्याकडे वाचून घ्यायला दीड कोस चालत जायची. येसा कुठे आहे, कसा आहे, हे महिपतीला आता फक्त शिक्क्यावरून कळायचं.

तीन वर्षं हे असं चाललं. मग १९६२चं चीनचं युद्ध आलं. येसाजीची पलटण नेफात, ईशान्येच्या सीमेवर होती. सहा आठवडे पत्र नाही. ठकूबाई रोज सकाळपासून कोंडाच्या वाटेवर येऊन बसायची. महिपती दिसला की उठायची. त्याने मान हलवली की पुन्हा बसायची. दोघे बोलत नव्हते. पोस्टात थैली उघडली की महिपती सगळ्यात आधी तिच्या नावाचं पत्र शोधायचा. फेरी नसलेल्या दिवशीही घरी येताना तो तिच्यापुढे थांबायचा, नुसती मान हलवायला.

मार्गशीर्षात पत्र आलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचं अक्षर होतं. महिपती त्या दिवशी पहिल्यांदा बाकीचं टपाल न वाटता सरळ कोंडात गेला. ठकूबाईने पाकीट हातात घेतलं आणि ती ओटीच्या पायरीवर बसली. कापड्यापर्यंत चालत जायची ताकद तिच्यात नव्हती. तिने पाकीट परत त्याच्या हातात दिलं.

"वाच," ती म्हणाली. "जसं असंल तसं."

त्याने वाचलं. येसाजी लखनौच्या दवाखान्यात होता, पत्र त्याने शेजारच्या खाटेवरच्याकडून लिहवलं होतं. बर्फाने उजव्या पायाची तीन बोटं गेली होती. हैबती मेला होता. चांगूचा पत्ता नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात पेन्शनवर घरी येईन, असं लिहिलं होतं. एकही शब्द न गाळता महिपतीने वाचलं. हैबतीच्या ओळीशी तो थांबला, पण तीही वाचली. ठकूबाईने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मंग जित्ता हाय," आणि आत जाऊन देवापुढे दिवा लावला.

येसाजी वैशाखात आला. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर सरपंच हार घेऊन उभे होते, शाळेची पोरं रांगेत होती, श्रीधरपंतांनी छोटंसं भाषण केलं. महिपती गर्दीच्या मागे उभा होता. येसाजी लंगडत उतरला, गळ्यात हार पडले. महाडच्या मैदानात त्याच्या छातीवरची खडूची खूण बघताना जे वाटलं होतं, तेच महिपतीला पुन्हा वाटलं. अगदी तसंच.

"बोटं गेलेल्या माणसाचा हेवा," तो मला म्हणाला. "सांगताना लाज वाटते. पण झालं."

गर्दी पांगल्यावर येसाजीने इकडेतिकडे पाहिलं. पेटी त्याच्या पायाशी होती. महिपती पुढे झाला आणि त्याने ती डोक्यावर घेतली. येसाजी नको म्हणाला नाही. दोघे कोंडाच्या वाटेला लागले. येसाजी सावकाश चालत होता, त्यामुळे महिपतीलाही सावकाश चालावं लागत होतं. कापड्याच्या चढावर ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा येसाजीने भाताचं विचारलं, यंदा पेरायला बियाणं कुठलं आणणार म्हणून, आणि महिपतीने सांगितलं.